गवती चहा की डासांचं गवत?

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीच्या गेटजवळ माळीकाकांनी गवती चहासारखं गवत लावलंय. वासही लिंबासारखा, म्हणून सासूबाईंच्या सांगण्यावरून चार पाती आणून चहात टाकली तर चहाला चक्क साबणाची चव! दुसरं म्हणजे नर्सरीतून ओवा म्हणून आणलेल्या रोपाची पानं बारकी, मखमली आहेत आणि वास विक्ससारखा येतो. त्याची भजी केली तर चालतील का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: भजी नको गं बाई!

आधी गेटजवळचं बघू. ते बहुतेक सिट्रोनेला, म्हणजे डास पळवायचं गवत असणार, गवती चहाचा चुलतभाऊच तो, त्यामुळे नुसत्या पात्यांवरून ओळखायला गेलीस की फसलीस. बुडाशी माती जरा बाजूला करून बघ, गवती चहाचा बुंधा पांढरट हिरवा असतो आणि सिट्रोनेलाचा लालसर जांभळट. आता गवती चहाच्याही काही जाती बुडाशी लालसर निघतात, म्हणून मग पातं चुरगळून हुंगायचं. गवती चहात सिट्राल नावाचं सुगंधी द्रव्य असतं त्यामुळे निव्वळ लिंबू, सिट्रोनेलात सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल, म्हणून लिंबामागून गुलाब-साबणाचा वास येतो. डास पळवायच्या अगरबत्त्यांत आणि साबणात ह्याचंच तेल घालतात, तुझ्या जिभेनं बरोबर ओळखलं! आणि खरा गवती चहा निघाला तरी गेटजवळचा नकोच, तिथे फवारणी होते, कुत्रीही फिरतात.

आता ओवा. मसाल्याच्या ओव्याचं झाड वेगळंच, त्याची पानं शेपूसारखी बारीक. कुंडीत आपण ज्याला ओवा म्हणतो तो पानओवा, त्यातही थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही ओव्याच्या वासाची द्रव्यं असतात म्हणून वास तसा. त्याचं पान जाड, गुबगुबीत, लव असलेलं, कडेला गोलसर दाते, आणि मोडलं की कट्‌कन तुटून बोट ओलं होतं. तुझं बारक्या पानांचं ते शोभेचं विक्सचं रोप दिसतंय, दोन्ही एकाच कुळातली म्हणून नर्सरीत सर्रास अदलाबदल होते (विकणाऱ्यालाही कुठे माहीत असतं!). ते राहू दे खिडकीत.

पानओवा हवाच असेल तर ज्यांच्या घरी त्याची भजी होतात त्यांच्याकडूनच फांदी माग. चार बोटं लांबीची फांदी, खालची पानं काढून मातीत खोचली की लागते, पाणी मात्र बेतानंच घाल नाहीतर बुडातून कुजते.