नळ गळतोय? आधी कॉक बंद करा

विश्रामबागेत राहायला आलात आणि नळ स्वतःच दुरुस्त करायचं म्हणताय, उत्तम. जमेल. सुरुवातीला एवढं सांभाळा:

१. टाकीचा कॉक बंद करून पाइपातलं पाणी काढून टाका. नवखे हेच विसरतात आणि मग बाथरूमभर कारंजं!

२. बंद केल्यावरही थेंब पडतोय आणि नळ जुन्या, फिरवायच्या पद्धतीचा आहे, तर बहुधा वायसर (आतली रबरी चकती) गेलाय. जुना वायसर खिशात घालूनच दुकानात जा. नुसतं ‘अर्धा इंची’ सांगून भलताच हातात पडतो.

३. टेफ्लॉन टेप आट्यांवर, आट्यांचं टोक आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली की नळ बसवताना सुटून गोळा होते. आणि जोर दाखवू नका, प्लास्टिकचा जोड पान्याने तडकतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे थर घालवायला ॲसिड नको, नळाची चकाकी जाते. व्हिनेगरात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळा, जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन टाका. शहाबादी फरशीवर मात्र ते सांडू देऊ नका, डाग पडतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही; क्लोरीन वायू सुटतो.

गिझर आणि भिंतीतली गळती सध्या मिस्त्रीकडेच राहू द्या.