गोळी घेण्याआधी नळी बघा

प्रश्न : सर, माझा भाचा टेक्सासमध्ये शेळ्यांच्या फार्मवर असतो. कायोटी (कोल्ह्यासारखे तिकडचे रानटी प्राणी) करडं उचलून नेतात. त्याच्याकडे .२२३ रायफल आहे. ४०० यार्डांसाठी कोणती गोळी घ्यावी? ‘जड घेतली की झालं,’ असं तो म्हणतो.
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : भाच्याला म्हणावं, आधी नळीवरचा आकडा वाच. तो आतल्या खाचांचा पीळ सांगतो: १:१२ म्हणजे बारा इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. १:१२ असेल तर ७५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) जड, लांब गोळी विसरायची. एवढ्या पिळात ती स्थिर राहत नाही, कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडते. तिला १:८ तरी हवा. १:१२ ला ५५ ग्रेन उत्तम. टोकाला प्लास्टिक, तांब्याचं पातळ कवच, लागताच फुटते. पण ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ४०० यार्डांवर ती दीड फुटाहून जास्त सरकते, आणि कायोटीची छाती वीतभर! लांबट, बोट-टेल (मागे निमुळती) गोळी वारा बरीच कमी खाते. मात्र निव्वळ मॅचची, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची गोळी नको. ती कागदासाठी असते, अंगात फुटेलच असं नाही.

आपल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर पोरं पेलेटचे (एअर रायफलच्या छऱ्यांचे) डबे बदलून बदलून गट, म्हणजे भोकं किती जवळ पडतात ते बघतात, तसंच त्यानंही दोन-तीन प्रकार आणून कागदावर मारून बघावं. वारा वाचता येत नसेल तर २५० यार्डांपुढे घोडा दाबूच नये. जखमी जनावर पळालं तर शिकाऱ्याचीच लाज.

आणि हो, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे कोल्ह्याला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे, पन्हाळ्याच्या रानात असले प्रयोग नकोत.