दात तुझे तूच काढ

अनेक आशीर्वाद.

परवा आपल्या करवती बनवणाऱ्या मंडळात तू तुझ्या नव्या करवतीची ती पोलादी पट्टी कापडातून सोडवून मेजावर ठेवलीस, तेव्हा मी मुद्दामच गप्प बसलो. दहा इंची पट्टी, एकशे चाळीस दात काढायचे, त्यातले साठएक झालेले. तेही कसे, तर एक थोरला, एक धाकटा, पुन्हा एक थोरला. करवतीला दात काढायचा विषय निघाला की आमची मंडळी आधी स्वतःचे दात काढतात, हे एव्हाना तुला कळलं असेल. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला दात अगदी उभे ठेव, दुसरा म्हणाला आठ अंश मागे रेलव, तिसरा पट्टीच्या वरच्या कडेवर बसणाऱ्या पितळी पाठीच्या वजनावर घसरला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "ही कड कापूनच टाक. माझ्या ओळखीत प्रेसचं यंत्र आहे, दहा मिनिटांत दात पाडून मिळतील." आणि तू मान डोलावलीस. ती मान माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

पट्टी प्रेसवर देऊ नकोस. दात तुझे तूच काढ.

धीर सोडू नकोस वगैरे लिहीत नाही. ज्या मुलीने साठ दात काढल्यावर ते चुकलेत हे स्वतःहून ओळखलं, तिला धीर देण्याची गरज नसते. तुझा घोळ वेगळा आहे. तुला वाटतंय की करवत म्हणजे पट्टी, पाठ आणि मूठ, आणि दात हे त्यातलं एक किचकट काम, जमलं तर आपण करावं, नाहीतर करून घ्यावं. मलाही असंच वाटायचं.

माझी पहिली करवत तू भिंतीवर पाहिली आहेस. तिच्या मुठीवर मी तीन महिने घालवले. बोटांच्या मापाने कोरली, घासली, तेलाचे हात दिले. पाठ पितळेची, आरशासारखी. दात मात्र एका ओळखीच्याकडून प्रेसवर पाडून आणले. वर्षभर झकास चालली, प्रत्येकाने हातात घेऊन वाहवा केली. मग धार गेली. तिकोनी कानस घेऊन बसलो, तर दात कुठल्या अंशात आहे, कानस कुठे टेकवायची, किती दाबायची, काहीच माहीत नाही! एका संध्याकाळी मी तिचं वाटोळं केलं. त्यानंतर ती अकरा वर्षं खिळ्यावर आहे. लोक विचारतात, पहिली करवत आठवण म्हणून लावलीत का? मी हो म्हणतो.

हल्ली कारखान्यात बनलेल्या बऱ्याच करवतींचे दात विजेच्या उष्णतेने कडक केलेले असतात, टोकाला निळसर काळी झाक दिसते. त्यांवर कानस नुसती घसरते. बोथट झाली की फेकायची, दुसरी आणायची. आपण घरी करवत का बनवतो मग? स्वस्त पडते म्हणून नक्कीच नाही. आपल्या पट्टीचं स्प्रिंगचं पोलाद, तुझं ते 1095 नंबरचं, साधारण 0.95 टक्के कार्बनचं, आधीच कडक करून मऊ उतरवलेलं असतं. कडकपणाच्या रॉकवेल मापात पन्नाशीच्या आसपास. म्हणजे वाकवलं तर परत सरळ होतं, धार टिकते, आणि तरीही चांगल्या कानशीला दाद देतं. ही दाद हाच आपल्या करवतीचा सगळा मोठेपणा. आणि ज्या हाताने दात काढलाच नाही, त्याला त्या दाताची धार कशी कळणार?

आता तुझे थोरले-धाकटे. ते का झाले ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण सगळे अंशांवर भांडत होते. तू प्रत्येक खाचेत कानस मोजून तितक्याच वेळा चालवलीस, हो ना? मोजणं सोड. आखणीत केसाएवढी चूक झाली की ती मोजणीने भरून निघत नाही, पुढच्या दाताच्या अंगावर जाते. कड कापून टाकायची काही गरज नाही. पट्टी लाकडी जबड्यांमध्ये धरून शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळ. वर तीन-चार मिलिमीटरच दिसू दे, जास्त वर ठेवलीस तर कानस चालताना ती किंचाळते आणि थरथरते. मग सपाट कानस दातांच्या माथ्यावरून लांबीने फिरव, अगदी धाकट्यातल्या धाकट्याला ओझरती लागेपर्यंत. आता उजेडाकडे तोंड करून बघ. प्रत्येक माथ्यावर एक चकाकता ठिपका दिसेल. थोरल्यावर मोठा, धाकट्यावर टाचणीच्या टोकाएवढा.

तो ठिपका तुझा गुरू. मी नाही, मंडळ तर नाहीच. तिकोनी कानस खाचेत टेकव, मोठा ठिपका ज्या बाजूला असेल तिकडे किंचित रेटून चालव. थोरल्या दाताचा अर्धा ठिपका एका खाचेतून खायचा, अर्धा पलीकडच्या खाचेतून. ठिपका नाहीसा झाला की थांब. त्यानंतरचा एकच हात, आणि थोरला धाकटा होऊन बसतो. कानस पुढे जातानाच कापते, मागे आणताना उचल. प्रत्येक खाच झाली की मार्करची खूण कर, नाहीतर सत्तराव्या दाताला कुणी हाक मारली की तू कुठे होतीस ते सापडणार नाही. मी हे अनुभवाने लिहितोय, आणि हाक मारणाऱ्याशी तेव्हा जे बोललो ते लिहीत नाही.

उरलेल्या भागासाठी एक सोपी युक्ती. लोखंड कापायच्या हॅकसॉचं इंचाला चौदा दातांचं पातं पट्टीच्या कडेला चिकटवून धर, आणि त्याच्या प्रत्येक खाचेसमोर कानशीने नुसता ओरखडा काढ. दाताला दात लागून अंतर आपोआप पावणेदोन-एक मिलिमीटरचं येतं. कागदावर रेघा छापून चिकटवतात तेही चालतं, पण कागद तेलकट झाला की सरकतो.

अंशांचं म्हणशील तर तिकोनी कानशीचा कोन साठ अंशांचा, तो तुझ्या हातात नाही. हातात आहे तो कानस किती कलती धरायची एवढाच. तुझी करवत डव्हटेलचे सांधे कापायची, म्हणजे बहुतेक वेळ लाकडाच्या उभ्या रेषेतच चिरणार. तेव्हा दाताची पुढची कड उभीच ठेव, फक्त करवतीच्या पुढच्या टोकाचे इंचभर दात मागे रेलव, म्हणजे चीर सुरू करताना करवत अडखळणार नाही. आडव्या कापाची करवत करशील तेव्हा पंधरा-वीस अंशांचं बोलू.

दात फाकवताना, म्हणजे एक डावीकडे एक उजवीकडे असे वाकवताना, वरचा अर्धाच वाकव, बुडातून वाकवलास तर टचकन तुटेल. आणि चुकून उलट्या बाजूला वाकलेला दात परत फिरवायचा मोह आवर, तो बहुतेक वेळा तुटतो. पट्टी अर्ध्या मिलिमीटरची, लाकूड सुकं. फाक इतकी कमी दे की दिली की नाही अशी शंका यावी. मुठीबद्दल काही विचारू नकोस. हाताला लागली की घास, झालं.

आता ज्यावरून मंडळात माझं नाव निघतं त्याबद्दल. तुला कुणीतरी सांगितलंच असेल की माझ्यामुळे एक चांगला माणूस यायचा बंद झाला. खरं आहे. त्याने स्वतः छोटी प्रेस बनवली होती, आणि त्याचे दात माझ्यापेक्षा एकसारखे यायचे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ही करवत तुझी नाही, तुझ्या यंत्राची आहे. त्याने शांतपणे सांगितलं की हेन्री डिस्टन यांनी 1840 मध्ये फिलाडेल्फियात ज्या कारखान्याची सुरुवात केली, तिथेही दात यंत्रावरच पाडत, आणि त्या करवती आजही लोक जीव टाकून शोधतात. बरोबर होतं त्याचं. पण तिथे प्रेसनंतर माणसं कानस घेऊन बसायची, आयुष्यभर बसायची! प्रेस आकार देते, कडेला खरपुडी सोडते, धार देत नाही. एवढंच मला म्हणायचं होतं. मी जे म्हणालो ते मात्र वेगळं होतं, आणि त्याने प्रेस उचलली ती उचललीच.

माझा मुद्दा आजही चुकीचा वाटत नाही. त्याच्या करवती सुंदर होत्या, मान्य. पण मंडळात त्या घेऊन गेलेल्यांपैकी किती जणांना धार लावता येते ते विचार. मी विचारलं आहे. म्हणून तर तुला इतकं रेटून सांगतोय, त्याच्यावरचा राग तुझ्यावर काढतोय असं समजू नकोस. थोडा असेलही.

गेल्या महिन्यात त्याची एक करवत कुणाच्या तरी हाती माझ्याकडे आली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दात पार गोल झालेत. आठवडाभर तशीच ठेवली होती, काल शेगड्यात लावून माथी सपाट करून घेतली. तिला तू हात लावायचा नाहीस, तिला धार मी लावतो. तू शेजारी बसून तुझी पट्टी कर. नवी कानस आण, आणि तिला मूठ बसवून आण, बिनमुठीच्या कानशीचं शेपूट तळव्यात घुसतं. रविवारी सकाळी लवकर ये. तेव्हा खिडकीतून उजेड तिरपा येतो, ठिपके नीट दिसतात.