पोटातल्या बाळाला ऐकू येतं का?

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. मी पोटाशी बोलते तर नवरा हसतो. बाळाला खरंच ऐकू येतं?

उत्तर : हसू द्या त्यांना. बाळाला ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, भिंतीपलीकडचं बोलणं यावं तसे चढउतार पोचतात. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी जेमतेम तीन दिवसांच्या बाळांना चोखणी दिली. ठरावीक लयीत चोखलं की आईचा आवाज लागायचा, नाहीतर परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लावणारी लय पकडली! म्हणजे तो आवाज पोटातूनच ओळखीचा झाला होता. माझी लेक जन्मताच टाहो फोडत होती. मी सवयीने ‘काय गं ठमे?’ म्हटलं, तशी हुंदका अर्धा गिळून गप्प झाली. पोटाला हेडफोन मात्र लावू नका. तुमचा आवाज पुरे.