नेल्सनी म्हणून मिळालेला आयरिस खरा नेल्सनीच आहे हे कसं ओळखायचं? आणि घरच्या बागेत त्याचा संकर करता येतो का?

तुम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहता, ओळखीच्या कुणीतरी 'आयरिस नेल्सनी' या फुलझाडाचा म्हणून गड्डा दिला, यंदा त्याला विटकरी लाल फूल आलं, आणि आता फोटो जोडून विचारताय की हा खरा का. फोटोवरून मी सांगणार नाही. दुसरं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. मीच तुम्हाला उलट विचारते: त्यांच्याकडे हे झाड गड्ड्यातून आलं की बियातून? याचं उत्तर मिळेपर्यंत लेबलवर नेल्सनी लिहू नका.

हा प्रश्न मला झोंबला, कारण याच नावापायी माझी सहा वर्षं गेली आहेत.

मी ह्यूस्टनला राहते. मूळची कुडाळजवळची, भाताच्या खाचरात वाढलेली. इथे आल्यावर अंगणातल्या काळ्या चिकट मातीला सगळे नावं ठेवत होते, चार दिवस पाणी साचलं की लोकांचे गुलाब कुजत होते. २०११च्या ऑक्टोबरात आमच्या ओळखीतल्या एका काकांनी मला आल्याएवढा एक गड्डा दिला आणि म्हणाले, "तुझ्या कोकणातल्यासारखं पाणी तुंबू दे, हा खूश राहील." वर सुबक अक्षरात लेबल: आयरिस नेल्सनी. मी तो तरव्यासारखा चिखलात लावला. दुसऱ्या मार्चमध्ये कमरेएवढ्या दांड्यावर खाली मान घातलेलं गडद लाल फूल आलं. मला त्या वर्षी दुसरं काही दिसतच नव्हतं.

नेल्सनी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. लुइझियानात अ‍ॅबव्हिल गावाच्या दक्षिणेला सायप्रसच्या दलदलीत, एवढ्याशा भागात सापडणारी जात. आधी लोक तिला 'अ‍ॅबव्हिल रेड' म्हणत. १९६६ साली रँडॉल्फ यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि लाफायेतचे उद्यानतज्ज्ञ आयरा नेल्सन यांचं नाव तिला दिलं. असलं झाड आपल्या अंगणात आहे म्हटल्यावर मी २०१३पासून दर वसंतात त्याचे संकर करत सुटले. वहीत प्रत्येक ओळीत आई म्हणून नेल्सनी. एकूण ११ संकर.

२०१७मध्ये एका फुलांच्या प्रदर्शनात लुइझियानाच्या एक म्हाताऱ्या बाई माझ्या दांड्यापुढे थांबल्या. फुलाकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. दांडा बोटांनी चाचपला, पानं किती वरपर्यंत गेलीत ते पाहिलं आणि विचारलं, "बियाचं की गड्ड्याचं?" मला सांगता येईना.

घरी येऊन काकांना फोन केला. ते अगदी मोकळेपणाने म्हणाले, "बियाचं. माझ्याकडे अस्सल नेल्सनी होता, त्याला आपोआप बोंड धरलं, तेच पेरलं." त्याच वाफ्यात त्यांच्याकडे फुल्वा जातीचा आयरिस होता, एक जांभळा होता आणि कुंपणाखाली बुटका ब्रेव्हिकॉलिस, तीही आयरिसचीच एक जात. बाप कोण, हे भुंग्यांना आणि मध पिणाऱ्या इवल्या हमिंगबर्ड पक्ष्यांना ठाऊक. त्या बियांची रोपं काकांनी ओळखीच्या कितीतरी घरांत वाटली होती, प्रत्येकावर तेच लेबल.

तुमच्याकडेही असंच झालं असेल तर घरच्या घरी करता येण्यासारखी एकच खात्रीची परीक्षा मला ठाऊक आहे. झाडाला त्याचाच पराग द्या आणि पोरं बघा. जात स्थिर असेल तर पोरं आईच्या वळणावर जातात. संकर असेल तर दुसऱ्या पिढीत आजोबा-पणजोबा सगळे बाहेर पडतात. मी त्याच वसंतात तसं केलं. २३ रोपं झाली, त्यातली १४ रोपं २०२०च्या मार्च-एप्रिलात फुलली, आपण सगळे घरात कोंडलेले असताना. काही विटकरी, काही वाइनच्या रंगाची, दोन चक्क निळसर जांभळी. आणि एकाचा दांडा नागमोडी, फूल पानांत दडलेलं, सगळ्यांत शेवटी उमललेलं. तो ब्रेव्हिकॉलिस होता. आईच्या फुलात त्याची पुसटशी खूणही नव्हती.

मी काकांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, "अगं, फूल बघ की, कागद काय बघतेस? आणि तुझा नेल्सनी तरी कुठे शुद्ध आहे? तोही संकरच ना?"

हे त्यांचं खरं आहे, म्हणून मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. नेल्सनीची जातच संकरातून उभी राहिली आहे; फुल्वा, जायगॅन्टिसिरुलिआ आणि ब्रेव्हिकॉलिस या तीन आयरिस जातींचं रक्त त्यात आहे, त्यातही फुल्वाचं सर्वांत जास्त. मायकेल अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात जनुकीय खुणांवरून ते तपासलं. पण काका, तो संकर त्या दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या आपसात फळत राहिला, एका साच्यात बसला, तेव्हा कुठे त्याला जात म्हणायला लागले. तुमच्या वाफ्यातली एक पिढी म्हणजे ते नव्हे. आईचं नाव पोराला लागत नाही.

नावाला काय महत्त्व, असं ज्यांना वाटतं त्यांनी जॉन स्मॉल यांचं काय झालं ते आठवावं. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या या नावाजलेल्या माणसाला १९२५ साली न्यू ऑर्लिन्सजवळ रेल्वेच्या खिडकीतून लुइझियानातल्या या आयरिसांची फुलं दिसली. फुलाफुलातला फरक बघून पुढच्या काही वर्षांत त्या भागातून ७०हून अधिक 'नव्या जाती' वर्णन झाल्या. १९३५मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पर्सी व्हिओस्का यांनी दाखवलं की त्यातल्या बहुतेक मोजक्या जातींच्या आपसातल्या संकरातून आल्या आहेत. आज साधारण पाचच जाती मानतात. आयुष्यभर वनस्पती पाहिलेला माणूस फुलावरून फसतो, तिथे तुमचा-माझा फोटो काय सांगणार?

ओळखीच्या खुणा तरीही देते, शंका घ्यायला उपयोगी पडतील. फुल्वा बुटका, साधारण गुडघ्याच्या जरा वर, फूल तांबूस विटकरी, पुंकेसर आतल्या कमानींच्या (स्त्रीकेसराच्या पाकळीसारख्या फाट्यांच्या) पुढे डोकावणारे. नेल्सनी उंच, फूल मोठं, सगळ्या पाकळ्या लोंबणाऱ्या, रंग लालपासून जांभळट लालपर्यंत. मधल्या मापाचं काही असेल तर बहुतेक संकरच.

आता संकराचं. करता येतो, आणि अवघड अजिबात नाही. उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी हाताने उघडा, खालच्या तीन पाकळ्या आणि तिन्ही पुंकेसर काढून टाका. पाकळ्या नसल्या की भुंग्याला उतरायला जागा उरत नाही. हमिंगबर्डसाठी मी वर मलमलीची चिंधी बांधते. दुसऱ्या दिवशी सकाळी कमानीच्या टोकाखालचा ओठ सुटा झालेला दिसला की त्यावर पराग लावा. दोऱ्याला चिठ्ठी बांधा, आई आधी, बाप नंतर. बोंड जड होऊन दांडा लोळतो, म्हणून काठी द्या. उन्हाळ्याच्या शेवटी बोंड पिवळट झालं की बी काढा, बुचासारखं साल सोलून लगेच पेरा आणि ओल मोडू देऊ नका. काही बी पुढच्या वर्षीही उगवतं, कुंडी फेकू नका. फुलायला दोन-तीन वर्षं जातात, आणि दहातली नऊ रोपं ठेवण्यासारखी नसतात.

माझ्या त्या ११ संकरांत दोन फार देखणे आहेत. अमेरिकन आयरिस सोसायटीकडे नाव नोंदवताना आईबाप अज्ञात असं लिहिता येतं, ते मला माहीत आहे. तरी अजून नोंदवले नाहीत. वहीतला नेल्सनी मी लाल शाईने खोडला आणि तिथे 'काकांचं झाड, बियाचं, बाप माहीत नाही' असं लिहिलं. काका आता मुलीकडे सिअ‍ॅटलला असतात. दिवाळीला फोन होतो, आयरिसचा विषय दोघंही काढत नाही. त्यांनी तो गड्डा दिला नसता तर मी आज हे उत्तर लिहीत नसते, हेही मला माहीत आहे. पण वाटलेल्या प्रत्येक घरी एक फोन करून लेबल बदलायला सांगणं त्यांना जमलं असतं.

तुमच्या ओळखीच्यांना विचारा. "बियाचं" म्हणाले तर भांडू नका, फक्त लेबल बदला आणि पुढे देताना तेच सांगून द्या. खऱ्या नेल्सनीच्या शोधात दलदलीत जाऊन कुणी गड्डे खणून आणू नयेत, इतकं कमी उरलेलं आहे ते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ऑस्टिनची माती चुनखडीची, नळाचं पाणीही तसंच जड. या आयरिसांना आम्लधर्मी ओल लागते. जमिनीत लावू नका. भोक नसलेल्या मोठ्या टबात पाइनच्या सालीचा भुगा घातलेल्या मातीत लावा, अझेलियासारख्या आम्लधर्मी माती लागणाऱ्या झुडपांचं खत द्या, दुपारची सावली असू द्या, आणि पन्हाळीखाली पिंप ठेवून शक्यतो पावसाचंच पाणी घाला. घरात कुत्रा किंवा लहान मूल असेल तर टब त्यांच्यापासून लांब ठेवा, गड्डा पोटात गेला तर विषारी असतो.