पायलट विमानाची चाकं खाली करायला विसरतो, असं खरंच होतं का?

हो, होतं, आणि अनुभवी पायलटकडूनही. सेसना १७२ सारख्या छोट्या विमानाची चाकं कायम खालीच असतात, तिथे प्रश्नच नाही. आत ओढता येणाऱ्या चाकांची गोष्ट वेगळी. उतरण्याची तपासणी अर्धी झालेली असते, तेवढ्यात रेडिओवर सूचना येते, आणि मन ते काम झालंच असं धरतं. आपण नाशिकच्या रविवार कारंजावर फोन आला की स्टँड न काढताच गाडी पुढे नेतो ना, तसंच. चाकं वर असताना पॉवर कमी केली की इशाऱ्याचा भोंगा वाजतो, पण गडबडीत तोही कानाआड जातो. माणसं बहुधा वाचतात. पुढचा पंखा (प्रोपेलर) मात्र धावपट्टीवर घासून वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरा की कुठेही, शेवटच्या वळणानंतर चाकं खाली पक्की झाल्याचे तीन हिरवे दिवे बोट ठेवून, मोठ्याने मोजायचे.