साडेतीन लाखांचा कोर्स राहू दे, आधी ती पुस्तकं परत आणा

पत्र थोडक्यात असं: घणसोलीच्या एका वडिलांनी लिहिलंय. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, कॉलेज नवी मुंबईतच. तिसऱ्या सेमला एम थ्री (गणित) आणि डेटा स्ट्रक्चरमध्ये केटी, म्हणजे दोन विषय राहिले, अटेंडन्स कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. वडिलांचं म्हणणं, दिवसरात्र 'जपानी कार्टून' बघतो. त्यांनी रात्री दहानंतर वायफाय बंद करायला सुरुवात केली, मंगाची (जपानी चित्रकथांची) १९ पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन टाकली, आणि आता विचारतात की एवढंच वेड असेल तर इंजिनिअरिंग सोडवून ॲनिमेशनच्या कोर्सला घालतो, साडेतीन लाखांपर्यंत भरायची तयारी आहे, ठाण्यात किंवा नवी मुंबईत चांगली इन्स्टिट्यूट कुठली ते कळवा.

नमस्कार,

इन्स्टिट्यूटचं नाव मी देणार नाहीये, का ते पुढे येईलच. पण आधी रद्दीबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रात मला केट्यांपेक्षा त्याच गोष्टीची जास्त काळजी वाटली. तुम्हीच लिहिलंय की सोसायटीतल्या दोन मुलांना शिकवून मिळालेले पैसे तो 'या असल्या उलट्या पुस्तकांवर उडवतो'. म्हणजे १९-२० वर्षांचा मुलगा स्वतः कमावतो, एकेक पुस्तक चारशे-पाचशे रुपयांना घेतो, क्रमाने लावून ठेवतो, आणि एक दिवस घरी येतो तर कप्पा रिकामा. (ती उलटी नाहीत हो, जपानी मजकूर उभ्या ओळींत उजवीकडून डावीकडे जातो म्हणून पुस्तकही तसंच उघडतं.) पुढे तुम्ही म्हणता, 'तो काहीच बोलला नाही, गप्प जेवला आणि झोपायला गेला, म्हणजे चूक कळली असावी.' मला तसं अजिबात वाटत नाही. त्याला एवढंच कळलं की या घरात आपल्या कमाईची वस्तूसुद्धा आपली नसते आणि बाबांशी बोलून उपयोग नाही. भांडणाऱ्या मुलाची मला तेवढी काळजी वाटत नाही, गप्प जेवून उठणाऱ्याची वाटते.

आता वायफायचं. दहाला तुम्ही राउटर बंद करता, ठीक, पण त्याच्या मोबाईलच्या प्लॅनमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा असणार आणि तो रात्री बाराला नव्याने सुरू होतो. दिवसभराचा संपलेला असला तरी बाराला परत आहेच, आणि बारापर्यंत तुम्हीही झोपलेले असता. मग पांघरुणात फोन घेऊन दोन-अडीच वाजेपर्यंत बघणार, सकाळी सातला उठणं होत नाही, पहिलं लेक्चर गेलं, मग आता जाऊन काय करू म्हणून दुसरंही गेलं, महिन्याभरात अटेंडन्स खाली. तुम्ही त्याचं बघणं थांबवलं नाहीत, फक्त रात्रीत ढकललंत. आणि मार्क गेलेत ते झोपेमुळे, हे मी ठामपणे सांगतो, कारण तुमच्याच पत्रात आहे की पहिल्या वर्षी सगळे विषय सुटले होते, आणि ॲनिमे, म्हणजे तुमचं ते 'जपानी कार्टून', तर तो दहावीपासून बघतोय.

खरं तर जागायची गरजच नाही. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिकडे टीव्हीवर बऱ्याच मालिका मध्यरात्रीच्या आसपास लागतात, म्हणजे आपल्याकडे साडेआठ-नऊ, आणि खूपशा त्याच दिवशी इथल्या ॲपवरही येतात. एक एपिसोड साधारण २४ मिनिटांचा, तो आठवड्याला एकच. तीन मालिका फॉलो केल्या तरी आठवड्याचे सव्वा तास. एवढा वेळ आपण सगळेच जेवताना बातम्यांवर घालवतो. तेव्हा माझं म्हणणं आहे की त्याला रात्री जेवण झाल्यावर हॉलमध्ये, आवाज चालू ठेवून बघू द्या. तुम्हीही एखादवेळी बसा. तुमच्या पिढीने दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो मोगली बघितला ना, ती मूळ १९८९ ची जपानी मालिका, म्हणजे ॲनिमेच. आणि हे फक्त लहान मुलांचं असतं असं नाही, जपानमध्ये मंगाची मासिकंच वाचकाच्या वयावरून वेगळी निघतात, शाळकरी मुलांची वेगळी, मोठ्या माणसांची वेगळी.

बरं, आता साडेतीन लाख. हा गैरसमज मला दर काही दिवसांनी भेटतो, की बघायला आवडतं म्हणजे बनवायलाही आवडेल. ज्याला वडापाव आवडतो त्याला आपण गाडी टाकून देत नाही. ॲनिमे हाताने काढलेल्या चित्रांवर उभा असतो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, त्यात पैसे वाचवायला एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, तरीही एका सेकंदाला आठ ते बारा चित्रं लागतात. मुख्य पोझ एक माणूस काढतो आणि मधली चित्रं ज्युनिअर लोक काढतात, तासन् तास, तोच हात, तोच केस, किंचित सरकवून. जपानमध्ये या मधल्या चित्रांचे पैसे बहुतेक वेळा चित्रामागे मिळतात आणि नव्या माणसाची कमाई तिथेही तुटपुंजीच आहे, हे त्या धंद्यातले लोक उघडपणे बोलतात. ज्याला चित्र काढल्याशिवाय राहवत नाही तो हे सगळं सोसून टिकतो. तुमच्या दोन पानी पत्रात तुमचा मुलगा चित्र काढतो असं एकदाही आलेलं नाही. वहीच्या मागच्या पानावर चेहरे, बसचं तिकीट दिसलं की त्यावर स्केच, असं काही असतं तर तक्रार म्हणून तरी तुम्ही लिहिलंच असतं. आणि पत्रात कुठे त्याने ॲनिमेशन मागितलंय? कोर्सची कल्पना तुमची आहे, रागातून आलेली. रागात फी भरू नका. पुढेमागे खरंच डिझाईनकडे जायचं ठरलं तर एनआयडी ही डिझाईनची संस्था, डिग्रीनंतरची सीड ही डिझाईनची प्रवेशपरीक्षा, अप्लाइड आर्टची सीईटी हे रस्ते आहेत, त्याबद्दल तेव्हा बोलू.

पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही एक ओळ सहज टाकलीय, की कपाटाच्या दारावर त्याने 'कसली तरी अक्षरं' चिकटवलीत. ती बहुतेक हिरागाना ही जपानी लिपी असणार. मूळ ४६ अक्षरं आहेत, तेवढीच काताकाना या दुसऱ्या लिपीची, आणि ती कुणी न सांगता घरात बसून शिकतोय. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा सगळ्यात सोप्या एन फाइव्हपासून सगळ्यात अवघड एन वनपर्यंत असते, वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, मुंबईत सेंटर आहे. डिसेंबरची तारीख सेमच्या परीक्षांच्या आसपास येते म्हणून त्याने जुलै धरावी. पण खोटी आशा नको. एन फाइव्हवर नोकरी मिळत नाही, एन थ्रीच्या पुढे कंपन्या बघायला लागतात, तिथपर्यंत जायला काही वर्षं लागतात, आणि नुसतं ऐकून भाषा येत नाही. मालिकेतली पात्रं 'ओरे' (मी), 'ओमाए' (तू) असं रांगडं बोलतात, ते ऑफिसात साहेबांशी बोललं तर उद्धटपणा होतो, तिथली आदराची भाषा वेगळी शिकावी लागते. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, तुमच्या घणसोलीजवळूनच जातोय आणि तंत्र जपानी शिंकानसेनचं आहे. जपानी येणारा इंजिनिअर ही कामाची जोडी आहे, पण त्यात इंजिनिअर आधी लागतो, म्हणून डिग्री सोडायची नाही.

यापुढचं त्याला वाचायला द्या. मित्रा, सेम चालू असताना हजार एपिसोडवाली मालिका सुरू करू नकोस, हजार एपिसोड म्हणजे चारशे तास होतात. बारा-तेरा एपिसोडची सीझनल घे, लांबलचक असेल ती सुट्टीत. डिस्कॉर्डच्या चॅट ग्रुपवर कुणी पुढची गोष्ट आधीच फोडेल या भीतीने रात्री बघतोस हे मला माहितीय, तर परीक्षेच्या महिन्यात तो ग्रुप म्युट कर, मित्र पळून जात नाहीत. एम थ्री लाप्लास आणि फुरियर नीट केलं तर सुटतो, मागचे पेपर हाताने सोडव, नुसते बघू नकोस. डेटा स्ट्रक्चरसाठी लिंक्ड लिस्ट आणि ट्रीचे प्रोग्रॅम स्वतः टाईप करून चालव. आणि झोप बारा वाजायच्या आत.

साहेब, तुमच्याकडे परत. साडेतीन लाखांतले आठ-नऊ हजार बाजूला काढा, पुस्तकांची यादी त्याच्याकडूनच घ्या आणि ती १९ पुस्तकं त्याला परत आणून द्या. मार्क आल्यावर देईन वगैरे अट घालू नका, ती त्याचीच होती. राउटर चालू ठेवा. केटीचा फॉर्म भरायची तारीख कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तो स्वतः विचारेल, तुम्ही जाऊ नका. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. त्याला काय करायचंय हे त्याच्याकडून कळल्याशिवाय मी कुठल्याही कोर्सबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.